दुसरं कार्ड

तिने टॉर्च धरला, पण उजेड जरा बाजूला, भिंतीवर पडेल असा.

"इकडे, वहिनी. भिंत मी रोज बघतो," टेबलाखालून कॉम्प्युटरवाला म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून, डोकं आत खुपसून पेटीच्या मागच्या वायरी चाचपत होता.

तिने मनगट वळवलं. उजेड वायरींच्या गुंत्यावर गेला. धूळ, कपड्यांचे दोरे, कधीचं हरवलेलं एक बटण. कॉम्प्युटरवाल्याचा हात चालता चालता थांबला. मग त्याने एकेक वायर उपसली आणि पेटी बाहेर ओढली. उभं राहताना त्याने आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग खुर्चीत बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे.

खरं तर कॉम्प्युटरवाला आपली पँट न्यायला आला होता. तिने ती आखूड करून, इस्त्री मारून ठेवली होती. पिशवीत घालून देईपर्यंत त्याची नजर शिलाई मशीनजवळच्या नव्या खोक्यावर गेली. आत ग्राफिक्स कार्ड होतं, खेळाचं चित्र पळवणारं. तसलं एक पेटीत होतंच, त्यानेच बसवलेलं.

"दुसरं? मला न सांगता? आलोच आहे तर बसवून देतो," तो म्हणाला होता.

"राहू दे," नवरा म्हणाला.

"राहू द्या, भाऊजी," तीही म्हणाली, त्याच दमात.

"लग्नाला एवढी वर्षं झाली, आज एकमत झालं म्हणायचं," असं म्हणून तो हसत टेबलाखाली शिरलाही होता.

आता पेटी तिच्या कापड बेतायच्या फळीवर आडवी होती. दुसरी जागाच नव्हती. खोलीच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागात तिचं मशीन आणि गणवेशांचे गठ्ठे, भिंतीकडच्या अर्ध्या भागात नवऱ्याचा कॉम्प्युटर, स्टिअरिंगचं चाक आणि वरच्या फळीवर एक चषक. तो गेम पार्लरमधल्या गाड्यांच्या शर्यतीत मिळालेला. तेव्हापासून सगळे त्याला उस्ताद म्हणत. गोदामातली नोकरी सुटल्यावर उस्ताद घरी बसून शर्यती खेळू लागला. बक्षिसांच्या मोठ्या शर्यती असतात, त्यात नाव झालं की मागे वळून बघायला नको, असं तो सांगत असे. दीड वर्ष झालं. एकाही शर्यतीत तो पहिल्या दहात आला नव्हता.

"चित्र अडखळतं," तो आता कॉम्प्युटरवाल्याला सांगत होता. "ऐन वळणावर अडखळतं. समोरचा निघून जातो आणि मी तिथेच. एका कार्डाच्या आवाक्यातलं काम नाही हे."

"हा खेळ दुसऱ्या कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही, उस्ताद. एक राबेल, दुसरं शेजारी बसून नुसतं गरम होईल."

"मग आमच्या घरात ते शोभून दिसेल," ती म्हणाली.

कॉम्प्युटरवाल्याने हसू गालातच दाबलं. नवरा हसला नाही. त्याने खोकं उचलून मांडीवर घेतलं.

"लोक दोन-दोन लावतात," तो म्हणाला.

"लावायचे. आता कोणी लावत नाही. वरनं विजेचा पुरवठा वाढवावा लागेल. ही इस्त्री चालू असताना तू खेळायला बसलास, की अख्ख्या मजल्यावर अंधार." त्याने हात पुढे केला. "पण तुझं घर, तुझी हौस. आण इकडे. वहिनी, कात्री द्या, सील फोडतो."

तिने कात्री उचलली आणि स्वतःच्याच मांडीवर ठेवली.

"ही कापडाची आहे," ती म्हणाली. "पुठ्ठ्यावर चालवली की धार जाते."

सील फोडलं नाही तर दुकानदार खोकं परत घेणार होता, शनिवारपर्यंत. ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या खोक्यात गेले होते. गणवेशाच्या कडा ती पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईकडून पक्क्या करून आणत असे, आणि त्या बाईच्या हातावर मजुरी ठेवली की आपल्या हातात काय उरतं ते तिला माहीत होतं. मशीन तिने बघून ठेवलं होतं. दुकानात उभ्या उभ्या एक तुकडा शिवूनही पाहिला होता. तो अजून तिच्या पर्समध्ये होता.

"अरे, ब्लेड आहे माझ्याकडे," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "स्कूटरच्या डिकीत. लांब स्क्रू ड्रायव्हरही घेऊन ये. या चिमुकल्याने मागचा स्क्रू फिरत नाही." त्याने किल्ली उस्तादकडे टाकली.

नवऱ्याने किल्ली झेलली. दारात तो जरा घुटमळला. फळीवरच्या उघड्या पेटीकडे त्याने पाहिलं आणि मग जिना उतरून गेला. खोकं त्याने काखेतच ठेवलं होतं.

पावलांचा आवाज खाली पोचेपर्यंत कॉम्प्युटरवाला फुंकर मारून धूळ उडवत राहिला.

"वहिनी, पडद्याची वायर कार्डाला नव्हती," तो म्हणाला. "वरच्या भोकात होती, मदरबोर्डच्या. म्हणजे ते कार्ड आत नुसतं झोपलेलं. चित्र अडखळणार नाही तर काय होईल?"

ती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. नाकबूल करता आलं असतं. मला त्यातलं काय कळतंय, एवढं म्हटलं तरी चाललं असतं.

"मीच लावली होती," ती म्हणाली.

त्याने फुंकर मारायचं थांबवलं.

"पेटी आणलीत त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात ना. वायर या भोकात लावा, त्या भोकात लावलीत तर कार्ड नुसतं शोभेचं. ते ध्यानात राहिलं. यांची नोकरी गेली आणि हे खेळत बसले. ट्रान्सपोर्टवाले बोलावत होते कामाला, तर म्हणाले, आधी ही शर्यत होऊ दे. मग एक दिवस हे अंघोळीला गेले तेव्हा बदलली. म्हटलं, दोन-चार वेळा हरतील, कंटाळतील आणि जातील कामाला." तिने चाक उगाच अर्धं फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. "कंटाळले नाहीत. म्हणाले, कार्ड कमी पडतंय. मी खड्डा खणला एकीकडे आणि पडले दुसरीकडे."

"कधीची गोष्ट ही?"

"गेल्या थंडीतली."

कॉम्प्युटरवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. काहीतरी आठवत असल्यासारखा तो पेटीच्या मागच्या भोकांकडे बघत राहिला.

"पण ती तर मी काढली होती," तो म्हणाला. "या उन्हाळ्यात पंखा साफ करायला आलो होतो तेव्हा. तुम्ही गणवेश पोचवायला गेला होतात. उस्ताद इथेच होता, त्याच्यादेखत काढली आणि कार्डाला लावून दिली. त्याला म्हटलंसुद्धा, गाढवा, इतके महिने वाया घालवलेस. मग तो एक शर्यत खेळला माझ्यासमोर. चित्र असं पळत होतं की मलाच खेळावंसं वाटलं."

"मग?"

"मग काय." त्याने मान खाजवली. "शेवटून तिसरा आला. मी म्हटलं, सवय होईल हळूहळू." तो थांबला. "तुम्ही परत बदललीत ती?"

तिला उन्हाळ्यातले ते दिवस आठवत होते. नवरा कॉम्प्युटरला हातही लावत नव्हता. डोळे दुखतात म्हणायचा, दुपारभर बाहेर कुठेतरी भटकून यायचा, ताटावर बसून गप्प असायचा. तिला बरं वाटलं होतं तेव्हा. सुटला एकदाचा, असं वाटून तिने ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात परत शब्दही टाकला होता. आणि मग एका सकाळी हेडफोनखालून त्याचा आवाज आला होता, अडखळतंय, परत अडखळतंय बघ. किती मोकळा आवाज होता. ती कपडे बेतत होती. तिने वरही पाहिलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मी एकदाच बदलली."

कॉम्प्युटरवाल्याने चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि कोरड्या फडक्याने आधीच पुसलेला पंखा पुन्हा पुसायला लागला.

जिन्यात पावलं वाजली. नवरा आत आला. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्यात ब्लेड आणि काखेत खोकं. धाप लागली होती. त्याने कॉम्प्युटरवाल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तो खुर्चीपर्यंत न जाता मध्येच उभा राहिला.

"काय ठरलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही दोघं ठरवा," कॉम्प्युटरवाला फडक्याकडे बघत म्हणाला. "एक की दोन. मी काय, हुकमाचा ताबेदार."

"दोन असती तर..." नवरा म्हणाला. ब्लेडचं टोक सीलजवळ होतं, पण हात हलत नव्हता. कानशिलाजवळ त्याचे केस पांढरे झाले होते. स्टिअरिंगच्या चाकाने तळव्यांना घट्टे पडले होते, गोदामात ओझी उचलताना पडायचे तसेच. ती त्या हातांकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, कधी यांचं असं काही उघडं पडलं तर आपण कडकडून भांडू. भांडण ओठांपर्यंत आलंच नाही.

"एकच बसवा, भाऊजी," ती म्हणाली. "हे शनिवारच्या आत परत जाईल. मी ओव्हरलॉक आणणार आहे."

नवऱ्याने मान वर केली. तो काही बोलेल म्हणून ती थांबली. ब्लेडचं टोक सीलपासून लांब गेलं.

"बरं. एक," कॉम्प्युटरवाला म्हणाला. त्याने पेटीचं झाकण लावलं, स्क्रू पिळले, पेटी उचलून टेबलाखाली सरकवली आणि स्वतः वाकला. एकेक वायर जागेवर जात होती. शेवटची त्याच्या हातात राहिली. "वहिनी, ही पडद्याची?"

तिने कात्री उचलून गणवेशाचा लोंबणारा दोरा कापला.

"होती तिथेच लावा," ती म्हणाली.

टेबलाखाली त्याचा हात वरच्या भोकाकडे वळला. मग वायर बसल्याचा बारीकसा आवाज आला. नवऱ्याने कुठली वायर हे विचारलं नाही. त्याने ब्लेड मिटवून कॉम्प्युटरवाल्याच्या पँटच्या पिशवीत टाकलं आणि खोक्यावर बसलेली खालच्या रस्त्याची धूळ बाहीने पुसून ते तिच्या गठ्ठ्यांशेजारी नीट ठेवलं.

कॉम्प्युटरवाला चहालाही थांबला नाही. पँटचे पैसे देऊ लागला तेव्हा तिने घेतले नाहीत, आणि बसवणावळ तिने काढली तेव्हा त्याने हात मागे घेतला.

दार लागलं. तिने मशीन चालू केलं. पलीकडे हेडफोन चढले, पडदा उजळला, इंजिनांचा बारीक घरघराट सुरू झाला. तिची एक बाही जोडून होईपर्यंत तिकडे पहिलं वळण आलं होतं.

"अडखळतंय अजून," तो म्हणाला. तोच मोकळा आवाज.

तिने दुसरी बाही सुईखाली घेतली.

"एकच आहे ना," ती म्हणाली.