करंडीतलं बारसं

मेघालीला आत्या व्हायचं होतं, आणि तेही रीतसर. भाऊ मस्कतला, भावजय मस्कतला, बाळ मस्कतला आणि आत्या मात्र केळव्याच्या पानमळ्यात! पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मध्ये समुद्र आडवा आला म्हणून तो सोडायचा की काय? भाऊ प्रीतम म्हणाला होता, "ताई, व्हिडिओ कॉल लावतो, फोन बाळाच्या कानाशी धरतो. नाव तूच शोधायचं नि तूच सांगायचं. आमाला पन तेवाच कळू दे."

इथवर सगळं गोड होतं. पण मेघालीचा जुना फोन बोलता बोलता डोळे मिटायचा, आणि भावजय किंजल पडली सावध बाई. तिनं स्वरा नावाच्या शेजारणीला राखीव आत्या म्हणून तयार ठेवलं. मुहूर्ताला ताईंचा फोन लागला नाही, तर स्वरा पोरीच्या कानात 'कियारा' सांगणार. स्वरानं म्हणे साडीला इस्त्रीसुद्धा केली होती! हे ऐकलं आणि मेघालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ती बोईसरला गेली आणि नवा कोरा फोन घेऊन आली.

नवरा नीलेश तारापूरच्या कारखान्यात पाळीवर होता. त्यामुळे बारशाच्या सकाळी सासू-सुनाच ओटीवर फोन मांडून बसल्या. सासूबाई सुलूताई हळद-कुंकू घेऊनच आल्या होत्या.

"आई, काचेला नको लावू हो."

"नवी वस्तू नि कपाळ कोरं? हे बघ, बारकं भोक हाय. कुंकवाची जागा कंपनीनंच ठेवलीय."

ते कॅमेऱ्याचं भोक होतं. मेघालीनं पदरानं पुसलं, पण कुंकूच ते, पुसल्यानं आणखी पसरलं.

मग खऱ्या कामाला सुरुवात झाली. सिम बसलं. जुने नंबर लग्नाचं वऱ्हाड उतरावं तसे भराभरा उतरले. बॅटरी वाचवणारं बटण मेघालीनं बंद करून टाकलं, कारण मेला तो फोन बॅटरीबरोबर कॉलपण वाचवत बसला तर काय घ्या! आवाज शेवटपर्यंत चढवला. रिंगला सुलूताईंनी सनई-चौघडा निवडला. मळ्यात कुठं उभं राहिलं की रेंज येते ते बघायला हवं, म्हणून प्रीतमनं सांगितल्यावरून फोनची जागा त्याला कायमची दिसेल असंही करून ठेवलं. राहिलं कुलूप. पण लोखंडी नखी घालून पानं खुडणारा अंगठा तो, त्यावरच्या रेषा कधीच झिजलेल्या. फोन काही ओळखच दाखवेना. दहाही बोटं दाखवून झाली तेव्हा डाव्या करंगळीवर साहेब राजी झाले. दोघी इतक्या हसल्या की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

हे सगळं होईतो फोन तव्यासारखा तापला.

"आई, फुटेल हो हा!"

"फुटतोय कसला. पानांत ठेव."

या घरात ज्याला गारवा हवा ते पानांत जायचं, मग ते दही असो की देवाची फुलं. सुलूताईंनी फोन केळीच्या सुक्या पानात नीट गुंडाळला आणि ओटीवरच्या खुडलेल्या पानांच्या करंडीत वर ठेवला. मग दोघी नवी पातळं नेसायला आत गेल्या.

आता या घरातली आणखी एक रीत. ओटीवर भरलेली करंडी दिसली की सासरे बळवंतराव कुणाला काही विचारायचे नाहीत. दोरीनं तोंड शिवायचं आणि टेम्पोत चढवायचं. चाळीस वर्षं ते हेच करत आले होते आणि आजही त्यांनी तेच केलं.

मेघाली केसात गजरा खोवत बाहेर आली तर ओटी मोकळी!

"बाबा, करंडी?"

"गेली की टेम्पोत. रूपेश आज लवकर आला. पानं झ्याक होती हो!"

मेघाली तशीच अंगणात धावली. इतक्यात सुलूताईंच्या कमरेचा बटणांचा फोन वाजला. प्रीतम होता.

"ताई कुठं निघालीय? अर्ध्या तासावर मुहूर्त आला नि मला ती माकुणसारला दिसतेय! फोन पन उचलत नाय!"

"ती नाय, फोन गेलाय माकुणसारला!" सुलूताई ओरडल्या. "तिला घेऊन मी येते. तवर त्या सवराला कानाजवळ येऊ देऊ नको!"

नव्या पातळाचा ओचा खोचून मेघालीनं स्कूटर काढली. मागे सुलूताई एका हातानं सुनेची कंबर आणि दुसऱ्या हातानं फोन धरून बसल्या. मस्कतहून प्रीतम गाडी हाकत होता. "हलला नाय अजून! तिथंच हाय! स्वरा आलीय पन, साडी नेसून!" हे ऐकलं की मेघाली स्कूटरची मूठ पिळायची आणि सुलूताई "पोरी, मला नातवंड बघायचंय गं अजून" म्हणून किंचाळायच्या. मेघालीला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

माकुणसारला टेम्पोभोवती ही गर्दी! रूपेश करंड्यांवर आडवा होऊन एकेकीला कान लावत होता.

"वहिनी, बरं झालं आलात! कुठल्या तरी करंडीत लगीन लागलंय! सनई थांबते नि परत वाजते!"

पाच गावच्या करंड्या, सगळ्या एकसारख्या आणि सगळ्यांची तोंडं शिवलेली. पण सासऱ्यांची डावखुरी गाठ मेघालीनं अंधारातही ओळखली असती. "ही!" लाडकी नावाची मजूरबाई नुकतीच मळ्यातून आली होती, तिच्या अंगठ्यात नखी तशीच होती. तिनं एका ओढीत दोरी कापली. पानांमधून सनईचा लोट उसळला आणि मेघालीनं हिरवं बटण सरकवून कॉल उचलला.

"ताई!" किंजल म्हणाली. "अय्या, तुम्ही इतक्या लाल का दिसताय? लाजताय की काय?"

"कुंकू हाय ते! पोरीला आण!"

प्रीतमनं फोन पाळण्यात धरला. एवढीशी गुलाबी कानाची पाळी पडदाभर दिसली. मेघाली तोंड जवळ नेऊन म्हणाली, "कुर्रर्र..."

आणि थांबली. महिनाभर शोधलेलं, कुणालाही न सांगितलेलं नाव धावपळीत पार उडून गेलं होतं. आरंभी 'अ' होता की 'इ'? सुलूताई डोळे वटारून बघत होत्या. पलीकडे स्वराच्या बांगड्या वाजल्या. मेघालीच्या नाकात पानांचा तो ओला, तिखट, गार वास भरला. केळव्याशेजारच्या माहीमला, माहेरी, ती आणि प्रीतम लहानपणी पानांच्या गड्ड्या लावत बसायचे तेव्हाचा वास.

"कुर्रर्र... पर्णिका!"

 प्रीतमनं पाळण्यातून फोन उचलून स्वतःच्या तोंडाशी धरला. "पान... ताई, मला हितं वास आला गं."

मेघालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण रडायला सवड कुठली? नाव सांगितलेल्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, हे माकुणसारला कुणी शिकवायला नको. पहिला लाडकीनं घातला, मग बाकीच्या बायकांनी. रूपेशचापण हात उठला होता, पण सुलूताईंनी त्याला बाजूला सारलं. मेघाली मार खात होती आणि आनंदानं नुसती डुलत होती.

"बघ, पानांत राहून कसा गार पडलाय," सुलूताई फोन चाचपत म्हणाल्या.

"ताई, किती गोड नाव!" किंजल म्हणाली. "कधी ठरवलंत?"

"केव्हाचंच," मेघाली म्हणाली.

सुलूताईंनी तिच्या पाठीत आणखी एक धपाटा घातला. तो बारशाचा नव्हता.