अंगातली जर्सी

माझी लेक क्रांती जर्मनीत शिकते. परवा सुट्टीत ती एकटीच प्राग बघायला गेली, आणि सकाळपासून तिचा फोन लागेना. इकडं कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या घरात मी दिसेल त्याच्यावर खेकसत होतो. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून तिचाच आवाज आला.

"बाबा, बरी हाय मी. बॅग, मोबाईल, सगळं चोरीला गेलं. स्टेशनात रडत बसलेली. अंगात आपल्या पेठेच्या टीमची जर्सी होती, ती बघून कोल्हापूरचा एक दादा थांबला. आता त्याच्या घरी हाय. वहिनींनी जेवू घातलंय."

मी खाली बसलो आणि तरी विचारलंच, "कुठल्या पेठेचा?"

ती हळूच म्हणाली, "मंगळवार पेठ."

तीस वर्षांपूर्वी फुटबॉलच्या फायनलला त्यांच्याशी मारामारी झाली, तेव्हापासून मी त्या पेठेत चहासुद्धा घेतलेला नाही.

"फोन दे त्याला."

"काका, खरं सांगतो," तो म्हणाला, "जर्सी बघून आधी पुढंच गेलतो. मग म्हटलं, पोरगी तर आपल्याच गावची की!"

"आईचा पत्ता सांग तुझ्या."

अर्ध्या तासात पेढे घेऊन मी मंगळवार पेठेत त्याच्या आईच्या दारात उभा होतो. तिनं विचारलं, "कुठल्या पेठेचं पावणं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी पेठ सांगितली नाही. म्हटलं, "क्रांतीचा बाप."