पहिल्या ओळीवरची सही

ब्रॅझल काउंटीत डेल्मर किट्रेलच्या तोंडी लागायला लोक भ्यायचे. माणूस पीकन फोडता फोडता सरकारवर घसरायचा आणि गिऱ्हाइकाचं पोतं संपलं तरी त्याचं सरकार संपायचं नाही.

पीकन म्हणजे अक्रोडाचं धाकटं भावंड. टेक्सासच्या त्या कोपऱ्यात ज्याच्या परसात दोन झाडं, तो प्रत्येक जण नोव्हेंबरात पोती घेऊन डेल्मरच्या शेडवर यायचा. शेडमागे डेल्मरची स्वतःची एकसष्ट झाडं होती, त्याच्या बापाने एकेक कलम बांधून वाढवलेली. सदुसष्टाव्या वर्षीही तो प्रत्येक झाडाखालून दिवसातून एकदा तरी जायचा. काही काम नसलं तरी जायचा.

"हत्तीवाले आणि गाढववाले," तो दोन्ही पक्षांना त्यांच्या निशाण्यांवरूनच ओळखायचा. "एक म्हणतो, तुझ्या खिशात हात घालणार नाही, फक्त घरात डोकावीन. दुसरा म्हणतो, घरात डोकावणार नाही, फक्त खिशात हात घालीन. निवडून आले की दोघंही दोन्ही करतात."

"दगडापेक्षा वीट मऊ," त्याची बायको ओलेटा म्हणायची. "मत तरी द्यावं माणसाने."

"वीट डोक्यात घालून बघ, मग सांग किती मऊ ते."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हा संवाद इतक्यांदा झाला होता, की आता दोघांपैकी कुणीही तो अर्ध्यावर सोडून चहा ओतायला उठलं तरी चालायचं.

मग काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारचं, पत्र आलं. डेल्मरची जमीन सार्वजनिक कामासाठी घ्यायची होती. सार्वजनिक काम म्हणजे तुरुंग, आठशे खाटांचा. ब्रॅझल काउंटीत चोर, दारुडे, भांडकुदळ सगळे धरून चाळीसच्या वर कैदी कधी झाले नव्हते. उरलेल्या खाटा दुसऱ्या काउंट्यांना भाड्याने द्यायच्या ठरल्या होत्या. म्हणजे परक्यांचे कैदी आणून यांनी त्यांची खानावळ चालवायची, आणि त्यासाठी डेल्मरची एकसष्ट झाडं पाडायची. कुंपणच शेत खायला उठलं, तर माणसाने दाद मागायची कुणाकडे?

त्या भागाचा कमिशनर, म्हणजे काउंटीच्या मंडळावर निवडून गेलेला सदस्य, होता रॉइस हेबर्ली, हत्तीवाला. तो डेल्मरच्या वर्गातला. टोपी हातात घेऊन तो स्वतः शेडवर आला.

"डेल्मर, भाव चांगला मिळेल, मी बघतो. नोकऱ्या येतील रे इथे. हे सगळ्यांच्या भल्यासाठी आहे. तुमच्यासुद्धा."

"माझं भलं मला कळतं, रॉइस. तुला तर शाळेत भागाकारही कळत नव्हता."

"तू नाही कधीच ऐकणार."

"ऐकतो की. फक्त तू म्हणतोस ते करत नाही."

गाढववाल्यांचा उमेदवार तरी विरोधात बोलेल, असं कुणाला वाटलं असेल तर तेही फोल ठरलं. त्याने सभेत सांगितलं की तुरुंग हवाच, फक्त त्यात वाचनालय असावं. डेल्मर त्या रात्री जेवला नाही.

निर्णय पाच जणांच्या मंडळाचा होता. दोघांना तुरुंग नकोच होता. तिसरा मिळाला की गाडं अडणार होतं, आणि शेवटचं मतदान जानेवारीत, नवं मंडळ बसल्यावर. म्हणून ज्याने जन्मात कुठल्या पक्षाला मत दिलं नाही, तो डेल्मर किट्रेल हेबर्लीविरुद्ध अपक्ष उभा राहिला. ओलेटाने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तरी मत देशील ना? निदान स्वतःला?"

पण अपक्षाचं नाव मतपत्रिकेवर फुकट येत नाही. हत्तीवाल्यांचं आणि गाढववाल्यांचं आपोआप येतं. नियम त्यांनीच केलेले, दारही त्यांचंच आणि कडीही त्यांचीच. अपक्षाला मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. डेल्मरला तीनशे बारा हव्या होत्या. त्यातही एक मेख मारून ठेवलेली. मार्चमध्ये दोन्ही पक्ष आपापला उमेदवार निवडायला जी प्राथमिक निवडणूक घेतात, तिच्यात ज्याने मत दिलं त्याची सही अपक्षाला चालत नाही. तिथे पाऊल टाकलं की तो माणूस वर्षभर त्या पक्षाचा झाला, मग त्याच्या मनात काहीही असो.

डेल्मरला हा नियम तोंडपाठ होता. मे-जूनच्या उन्हात तो पेंड विकणाऱ्या दुकानाबाहेर सह्यांचे कागद चिमट्यात अडकवलेली पाटी घेऊन उभा राहायचा आणि सहीला हात पुढे करणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचा, "मार्चात मत दिलंस का कुणाला?" हो म्हणाला की पेन परत घ्यायचा. कागदाच्या माथ्यावर हेच बारीक अक्षरांत छापलं होतं, पण ते पाटीच्या चिमट्याखाली झाकलं जायचं, आणि डेल्मरला सरकारी बारीक अक्षरांचा मुळातच तिटकारा. "ते वाचू नका," तो म्हणायचा, "माणूस दमावा म्हणूनच लिहितात ते."

पहिल्या कागदाच्या पहिल्या ओळीवर सही होती ओलेटाची. स्वयंपाकघरात, पिठाच्या हातांनी केलेली. घरच्या माणसाला कोण विचारतं? पुढचा एक कागद ती चर्चच्या तळघरात घेऊन गेली. तिथे दर मंगळवारी बायका जमून गोधड्या शिवायच्या. परत आली ती तेरा सह्या घेऊन.

"एकीनेही का-कू केलं नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "सगळ्या तुझ्या बाजूने आहेत, डेल्मर. आधीपासूनच."

डेल्मरने त्या तेरा जणींनाही विचारलं नाही. चव्वेचाळीस वर्षं तो ज्यांच्या हातचा पीकनचा केक खात आला होता, त्या बायका म्हणजे घरच्याच.

जूनअखेर त्याने तीनशे तीस सह्या कोर्टहाउसमध्ये दिल्या. ओलेटाने त्या दोनदा मोजल्या होत्या. दहा दिवसांनी तिथल्याच निवडणूक कचेरीतल्या रमोना एस्कामियाने त्याला बोलावून घेतलं. रमोना तिथे वीस वर्षं होती. तिने कागद काउंटरवर ठेवला, पण हात त्याच्यावरून उचलला नाही.

"मिस्टर किट्रेल, सत्तावीस बाद झाल्या. तीनशे तीन उरल्या."

"नऊ कमी."

"हो."

"बाद कशाने?"

"काही जण काउंटीबाहेर राहायला गेलेत. बाकीच्यांनी मार्चात मत दिलंय." तिने हात उचलला. "तुम्ही बघा. पण आधी बसा."

त्याने उभ्यानेच बघितलं. यादी पहिल्या कागदाच्या पहिल्या ओळीपासून सुरू होत होती. ओलेटा मे किट्रेल. प्राथमिक निवडणूक, हत्तीवाल्यांची. तिच्याखाली तळघरातल्या तेराच्या तेरा जणी, एकाच दिवशी, एकाच केंद्रावर.

"मी तिथे होते," रमोना हळू आवाजात म्हणाली. "चर्चची व्हॅन घेऊन आल्या होत्या. मिसेस किट्रेलच चालवत होत्या. हेबर्लीला त्याच्याच पक्षात पाडायचं, म्हणजे तुमचं काम सोपं होईल, असं चाललं होतं त्यांचं. मतदानाच्या वेळी मला काही बोलायची परवानगी नसते, मिस्टर किट्रेल. कायदाच आहे तसा."

त्याला मार्चमधला तो मंगळवार आठवला. ओलेटा दुपारी उशिरा आली होती, गाल लाल, आणि गोधडीचं काम लांबलं म्हणाली होती. मत दिलं असं सांगितलं असतं तर त्याने तिला आठवडाभर टोमणे मारले असते. म्हणूनच सांगितलं नव्हतं तिने. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं तरी कुणाच्या नावाने?

घरी जाताना त्याने गाडी दोनदा थांबवली. जन्मभर तो सांगत आला होता, की ज्याचं कर्म त्याने भोगावं, खरं काय ते मोठ्या माणसाला सांगावं, आणि त्याचं भलं कशात आहे हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. दारात ओलेटा उभी दिसली आणि त्याचं सगळं तत्त्वज्ञान उंबऱ्याबाहेरच राहिलं.

"किती?" तिने विचारलं.

"नाही जमलं. शंभराच्या वर कमी पडल्या."

"शंभर? मी मोजल्या होत्या रे."

"लोक खोटे पत्ते देतात. गाव आपल्या बाजूला नव्हतंच, ओलेटा. जाऊ दे."

 मग आत जाऊन तिने ओव्हन बंद केला. त्यानंतर कित्येक महिने तिने तो विषय काढला नाही, आणि ती मंगळवारी चर्चला जायची थांबली. गुडघे दुखतात म्हणाली. डेल्मरला बरंच वाटलं, कारण तिथे कुणी काही बोलून गेलं असतं.

नोव्हेंबरात मतपत्रिकेवर दोनच नावं होती. हेबर्ली निवडून आला. जानेवारीत मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी तुरुंग मंजूर केला. भूमिपूजनाला हेबर्ली आणि पडलेला गाढववाला दोघेही बांधकामाची पांढरी हेल्मेटं घालून आले आणि त्यांनी एकाच ढिगात फावडी खुपसून फोटो काढला. एकाच माळेचे मणी, दुसरं काय म्हणणार?

फेब्रुवारीत झाडं पाडायला यंत्रं आली. काउंटीने त्यांना गावात एक बरं घर दिलं होतं आणि तिकडे सामान गेलंही होतं, पण त्या सकाळी दोघंही जुन्या घराच्या मागच्या पायरीवर येऊन बसली. पीकनचं झाड लवकर पडत नाही. यंत्राने धरलं की ते आधी नुसतं हलतं, मग मुळं तुटल्याचा आवाज जमिनीतून येतो. डेल्मर मोजत होता. चौदावं पडलं तेव्हा ओलेटा म्हणाली, "नऊ कमी होत्या."

डेल्मरचं मोजणं तिथेच थांबलं.

"शंभर कमी कशा, हे मला पटेना. तुला फसवलं असं वाटलं. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मी कोर्टहाउसला गेले, पुन्हा मोजा म्हणून भांडायला. रमोनाने यादी दाखवली. सार्वजनिक कागद आहे, कुणीही मागावा."

"जुलैपासून तुला माहीत आहे?"

"जुलैपासून. रोज वाटायचं, आज हा बोलेल. चिडेल, भांडी आपटेल, काहीतरी करेल. मग मी रडेन, माफी मागेन. त्या तेरा जणींसमोर कुठल्या तोंडाने जाऊ, ते तुला विचारेन. तू रोज येऊन विचारायचास, गुडघे कसे आहेत."

"तुला त्रास नको म्हणून गं," डेल्मर म्हणाला.  "तुझ्या भल्यासाठीच केलं मी ते."

"हेबर्ली काय म्हणाला होता, आपल्या शेडमध्ये?"

पंधरावं झाड हललं.  

"ती चूक माझी होती, डेल्मर," ओलेटा म्हणाली. ती रडत नव्हती, आणि तेच त्याला सोसेना. "तिच्यावर मालकी माझी होती. तू ती मला न विचारता घेतलीस."

ती उठली आणि गाडीत जाऊन बसली. तो मागे राहिला. उरलेली सेहेचाळीस झाडं पडेपर्यंत तो तिथेच बसून होता, आणि ती गाडीची काच वर करून वाट बघत होती.