शहाण्णव-शून्य-तीन आणि दादीचा पाय

"सर, बादलीत पायाने पिळायचा मॉप म्हणजे झाडूच असतो का?"

हा प्रश्न माझा नव्हता, माझ्या वर्गातल्या मोनाली आणि मेघाचा होता. दहावीच्या करिअर मार्गदर्शनासाठी कस्टममधून निवृत्त झालेले शालिग्राम सर धुळ्याहून जळगावला आमच्या शाळेत आले होते आणि 'काहीही विचारा' म्हणाले होते. पप्पांनी चीनहून मॉपचा कंटेनर मागवल्यापासून मी वर्गात दुसरं काही बोलतच नव्हते. त्यामुळे मोनाली म्हणाली, "हिंमत असेल तर हेच विचार, मॉपवाली." मागच्या वर्षीची मी बाकाखाली गेले असते. या वर्षीची मी उभी राहिले.

अख्खा हॉल हसला. सर हसले नाहीत. उलट नोकरीभर याच प्रश्नाची वाट पाहिल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला सरकारी यादीत एक नंबर असतो आणि त्या नंबरावर कर ठरतो. "झाडू, ब्रश, मॉप, पिसांचं झटकणं, सगळे एका घरचे. शहाण्णव-शून्य-तीन."

"पण सर, सोबत प्लॅस्टिकची बादली आहे. तिचा नंबर वेगळा असेल ना?"

"एका खोक्यात आले, एकत्रच विकणार. मग बघायचं, मुख्य काम कोणाचं. फरशी कोण पुसतं?"

"मॉप."

"मग बादली त्याच्या मागे गेली. वरातीतल्या घोड्याची वेगळी पत्रिका काढतात का?"

मी जिंकून बसले. तिथेच थांबले असते तर बरं होतं. पण संध्याकाळी, आमच्या जैन घरातल्या सूर्यास्ताआधीच्या जेवणाला, मी सगळा किस्सा हातवारे करून घरी सांगितला. दादीचा घास हातातच राहिला.

माझी दादी म्हणजे चंदनबाई. गुडघे दुखतात म्हणून पप्पांनी पहिला मॉप तिलाच दिला होता, आणि गेले आठ दिवस ती पेडल मारायला मिळावं म्हणून पुसलेली फरशी परत पुसत होती.

"म्हणजे आठ दिवस मी झाडूला लाथा मारतेय?"

आमच्याकडे झाडू म्हणजे लक्ष्मी. धनतेरसला नवा आणायचा, लक्ष्मीपूजनाला कुंकू लावायचं, चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा.

"माँ, झाडू नाही, मॉप आहे तो," पप्पा म्हणाले.

"कागद आण."

पप्पांनी कस्टमचा कागद आणला. माझा सहावीतला भाऊ अर्हम याने बोट ठेवून नंबर वाचला. शहाण्णव-शून्य-तीन.

"खाली सही कोणाची?" दादीने विचारलं.

"माझी."

मी मध्ये पडले. "दादी, ते सरकारी नंबर असतात गं. हा काही खरा झाडू नाही."

"मग माझ्या मुलाने सरकारला खोटं लिहून दिलं?"

पप्पांना ठसका लागला. मॉप झाडू असेल तर पाय लावायचा नाही, नसेल तर पप्पा खोटारडे. दोन्ही बाजूंनी दार बंद, आणि ते लावून घेतलं होतं मी.

दादी आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिचं माहेर धुळ्याचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मंडळाने सांगितलेले ऐंशी मॉप रद्द झाले, आणि पप्पांकडून माल घेणाऱ्या धुळ्याच्या दोन्ही दुकानदारांचे फोन आले की सध्या माल पाठवू नका, बायका विचारतायत झाडूला पाय कसा लावायचा. गोडाऊनमध्ये बाराशे खोकी. पप्पांनी पहिल्यांदाच मुंबईच्या दलालाला सोडून स्वतः माल आणला होता. दिवाळीत तो खपला नाही तर पुन्हा त्याच दलालाच्या पायरीवर जावं लागणार होतं. पप्पा नुसते हिशेबाची वही उलटत बसले. ओरडले असते तर मला जेवण तरी गेलं असतं.

शाळेतून फोन नंबर मिळवून मी शालिग्राम सरांना फोन केला.

"नंबर बदलता येणार नाही," ते म्हणाले. "खरं सांगू का, तुझ्या दादीचं बरोबर आहे. झाडू तो झाडू."

"मग आम्ही काय करायचं, सर?"

"आम्ही फक्त वस्तू काय आहे ते ठरवतो. ती वापरायची कशी, ते खोक्यावर छापलेलं असतं. वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. कोणीच नव्हतं. सायकल काढून थेट गोडाऊन गाठलं. खोक्यावर चार चित्रं होती. तिसऱ्यात एक बाई मॉपचा दांडा वरून हाताने दाबत होती आणि मॉप गरगर फिरत होता. पेडल नुसतं जास्तीचं, चार स्क्रूंवर बसवलेलं.

वीस वर्षं आमच्या दुकानात असलेल्या सुकदेवभाऊंनी स्क्रू काढले आणि मागच्या थप्पीकडे पाहिलं. "बठ्ठा खोका उघाडना शेतस का, रिद्धीताई?"

"बठ्ठा, बाराशेच्या बाराशे," मी म्हटलं.

बिनपेडलची बादली घरी नेली. दादीने तिला चहूबाजूंनी पाहिलं, नवरी बघायला आल्यासारखं. मग दांडा हाताने दाबला. पाणी उडालं, अर्हमची गणिताची वही भिजली आणि तो फारच समाधानी दिसला. दादीने परत दाबलं. मग परत.

"आता रीतीचा झाला," ती म्हणाली आणि धुळ्याला फोन लावायला आत गेली.

पप्पा खुर्चीत बसले ते उठेचनात. "बाराशे पेडल कोण काढणार? धनतेरसला बाराच दिवस आहेत."

"हिच्याकडे बघू नका," मम्मी म्हणाली. "दहावी आहे तिची."

"माझं ठरलंय," मी म्हटलं. "धनतेरसपर्यंत मी क्लासला जाणार नाही. शाळा सुटली की मोनाली, मेघा आणि मी गोडाऊनमध्ये बसणार. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लागणार, 'पाय लावावा लागत नाही.' आणि पप्पा, पुढच्या कंटेनरला सही तुम्हीच करा, पण कागद आधी मला आणि दादीला दाखवायचा."