डावा बदामी, उजवा बिस्किटी

शनी शिंगणापुरात आमच्या घराला दार नाही, त्यामुळे बैठकीच्या भिंतीवर सुनील पेंटरने मारलेले रंगाचे दोन पट्टे अख्ख्या रस्त्याला दिसत होते. डावा बदामी, उजवा बिस्किटी. मला मेले दोन्ही दूध जास्त झालेल्या चहासारखे दिसायचे. पण दूधवाला डाव्याच्या बाजूने, सासूबाई उजव्याच्या, आणि पार्किंग विचारायला आलेलं कुटुंब तर आपापसातच भांडलं. नवरा चार दिवस "डावाच!" म्हणून हटून बसलेला.

शेवटी मी सुनीलवर डाफरले, "तुम्हीच सांगा एकदाचं!"

तो ओशाळला. "वहिनी, बिस्किटीचा डबा सोनईहून अजून आलाच न्हाई. दोन्ही पट्टे बदामीचेच हायेत."

मी कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

"तरी डावाच बरा हाय," तो म्हणाला.