वरच्या खोलीतली डायल

घंटीबाबाला यात काय मिळणार होतं? वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली, दोन वेळचं गरम जेवण आणि संध्याकाळी दिवाणखान्यात दाटीवाटीने बसून माना डोलावणारी अख्खी आळी. बदल्यात द्यायचं काय, तर वर्षापूर्वी वारलेल्या घरमालकांचं उत्तर. तेही बोलून नव्हे, टेलिफोनच्या घंटीतून! एक टिंग म्हणजे हो, दोन म्हणजे नको.

"अहो, डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ ना?" आईने फोनला हात जोडले.

टिंग. टिंग.

"नको म्हणाले हो!" शेजारच्या काकू गहिवरल्या. बाबा फोनपासून चार हात लांब, डोळे मिटून. शिष्य वर ध्यानाला बसलेला.

घरमालकांची मुलगी टेलिफोन एक्स्चेंजात लाइन तपासायच्या टेबलावर कामाला होती. तिचा नुसता जळफळाट होत होता. "आई, काचबिंदू आहे तो. गेलेली नजर परत येत नाही."

"तुझ्या मीटरला माणसाचं मन कळतं का गं?"

तिने लाइन तपासली, पुन्हा तपासली. तारेत ओल शिरली तरी घंटी आपोआप किणकिणते, म्हणून खांबावरचा जोड उघडायला लावला. ओल नाही, विजेची गळती नाही. घरातली वायर खात्याची नव्हे, म्हणून तिकडे कुणी बघत नाही. सवयीने तिनेही बघितलं नाही. असे आठवडे गेले.

शेवटी वैतागून ती संध्याकाळच्या बैठकीच्या वेळी एक्स्चेंजातल्या टेबलावरच थांबली आणि घरच्या लाइनला मीटर लावला. ओल असती तर काटा थरथरत राहिला असता. हा टकटक उडाला. एकदा, मग दोनदा. कुणीतरी डायल फिरवतंय! वडिलांचा जुना फोन वरच्या खोलीत, त्याच तारेवर होता. एका फोनची डायल फिरली की दुसऱ्याची घंटी किणकिणते.

दुसऱ्या संध्याकाळी तिने वर जाऊन त्या फोनची तार उपटली. "विचार आता, आई."

आईने विचारलं. घंटी गप्प.

"अश्रद्ध माणूस आला की आत्मा रुसतो," घंटीबाबा म्हणाला.

"रुसला नाही, बाबा. माझ्या काखेत आहे!" तिने जुना फोन खाली जोडला. एकचा आकडा फिरवला: टिंग. दोनचा: टिंग टिंग. "बोला, कुणाला काय विचारायचंय?"

"मला पहिल्यापासून शंका होतीच," काकू उठता उठता म्हणाल्या.

लोकहो, घंटी आपोआप वाजली तर आधी तार कुठवर गेलीय ते बघा. हात नंतरही जोडता येतात.

बाबाला दुसरी आळी मिळाली. शिष्याला दुसरी खोली. काकूंना वर्षभर सांगायला गोष्ट. ऑपरेशनने आईचा उजवा डोळा वाचला. डावा गेला तो गेलाच.