पाच जणांचा तंबू

"या पिशवीत खुंट्या आहेत की अख्खा डोंगर फोडून भरलाय?" भावजय खिडकीकडे तोंड करून पुटपुटली. "तीन तास झाले, गुडघे हनुवटीला टेकलेत. आता पाय माझे आहेत की शेजारणीचे, तेही कळेना."

शेजारीण म्हणजे थोरली. तिला सगळं ऐकू गेलं. तिने पाय आणखी आखडून घेतले. मागच्या सीटवर तिघी होत्या. एका कडेला भावजय, दुसऱ्या कडेला आई, आणि मधे कोपर अंगाशी चिकटवून थोरली. गाडी चालवत होता तिचा धाकटा भाऊ. त्याला घरात सगळे लंबू म्हणायचे, का ते गाडीच्या छताला टेकलेलं डोकं पाहून कुणालाही कळलं असतं. लंबूच्या शेजारची सीट रिकामी नव्हती. तिच्यावर चार उशा आणि पांघरुणं रचलेली होती आणि त्यांना पट्टाही लावला होता, नाहीतर गाडी सारखी पीं पीं करते. उशा डिकीत सहज मावल्या असत्या. त्या पुढे कुणी ठेवल्या हे सकाळी कुणी विचारलं नाही. तिघी बायका मुकाट्याने मागे जाऊन बसल्या.

ती सीट बाबांची. बाबा जाऊन वर्ष व्हायला पंधरा दिवस कमी होते.

दर वर्षी याच आठवड्यात ही मंडळी तळ्याकाठच्या सरकारी उद्यानात चार दिवस तंबू ठोकून राहायची. बावीस वर्षं झाली. यंदा जायचं कसं ठरलं, असं विचाराल तर ते ठरलंच नाही. लंबूने विचारलं, जायचं का? भावजय म्हणाली, आईंना विचारा. आई म्हणाली, तुमचं तुम्ही बघा. थोरली म्हणाली, सगळे म्हणत असतील तर माझं काही नाही. आणि सगळे काहीच म्हणत नसल्यामुळे जागा आरक्षित झाली.

फाटकाशी लाकडी खोली होती. तिच्या खिडकीत हिरव्या शर्टातली वनरक्षक बाई बसली होती. तिने लंबूला ओळखलं. "सतरा नंबर ना? पाच जण?"

"हो," लंबू म्हणाला.

बाई लिहायला लागली तशी आईने मागची काच खाली केली. "चार लिहा."

बाईने पाच खोडून चार लिहिलं. "काका नाही आले या वेळी?"

"नाही आले," आई म्हणाली आणि काच वर केली.

थोरली दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसाकाठी दहा-बारा जणांना ती एकच वाक्य ऐकवायची: भूल उतरेपर्यंत काही चावू नका, गाल चावला तरी कळायचं नाही. लोकांची भूल दोन-तीन तासांत उतरे. थोरलीची वर्षभर उतरली नव्हती. ती रडली नाही, आजारी पडली नाही. वेळेवर जेवली, वेळेवर झोपली, दवाखान्यातली हत्यारं उकळत्या पाण्यातून काढून रांगेत मांडत राहिली. कशी आहेस, असं विचारलं की ती ठीक म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. बधिर ओठ दुखतो कुठे?

एक गोष्ट मात्र तिला लख्ख आठवत होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती.

गेल्या वर्षी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ती होडीच्या धक्क्यावरून वर येत होती. उताराच्या मध्यावर बाबा खाली बसलेले दिसले. वारा गार होता आणि त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं. तळहात छातीवर. "काही नाही गं, पोटात वारा धरलाय," ते म्हणाले. तिने पर्समधून पित्ताची गोळी काढून दिली. ती त्यांनी पाण्याशिवाय गिळली आणि म्हणाले, "वर जाऊन सांगू नकोस. उगीच सगळ्यांच्या सुट्टीचा विचका." दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला छातीवरचा हात आणि कपाळावरचा घाम म्हणजे काय ते कळत नव्हतं अशातला भाग नाही. तिने सांगितलं नाही. सुट्टीचे दोन दिवस राहिले होते. घरी परतल्यावर नवव्या दिवशी बाबा जिन्यात कोसळले.

हॉस्पिटलच्या बोळात डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही त्रास? छातीत दुखणं, धाप, घाम? आई म्हणाली, नाही. लंबू म्हणाला, नाही. भावजयीने नुसती मान हलवली. चौथं नाही थोरलीचं. बाकीच्यांना माहीत नव्हतं म्हणून ते नाही म्हणाले आणि आपण माहीत असून म्हणालो, असं धरून ती चालली होती. घरातल्या कुणाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलायची वेळ आली की ती भांडी घासायला उठे. या चार दिवसांत भांडी किती निघणार, हा खरा प्रश्न होता.

सतरा नंबरची जागा होती तशीच होती. बाकं जोडलेलं लाकडी टेबल, चुलीसाठी दगडांचं कडं, नळ, आणि बदकांना खायला घालू नका अशी पाटी. पाटीखाली बदकं खायला मागत उभी होती. समोर तळं. पलीकडचे डोंगर त्यात उलटे पडले होते, एवढे स्पष्ट की कुणी सुलटे कुठले विचारलं असतं तर घोटाळाच झाला असता. थोरलीने पाहिलं. सुंदर आहे, हे तिला कळलं. वाटलं नाही.

शेजारच्या जागेवर एक टोपीवाला नुकताच पोचला होता. त्याने एक चपटी गोल पिशवी उघडून हवेत भिरकावली आणि खाली पडेपर्यंत तिचा तंबू झाला. टोपीवाल्याने घड्याळ पाहिलं आणि खुर्ची टाकून बसला.

"बघा," भावजय म्हणाली. "माणसं अशी सुट्टी घालवतात."

"त्याचा एका पावसात पापड होईल," लंबू म्हणाला. हे वाक्य बाबांचं होतं. म्हणून झाल्यावर लंबूलाही ते कळलं असावं, कारण तो घाईने डिकीत वाकला.

यांचा तंबू जाड कापडाचा, बाबांनी कुठल्याशा बांधकामावरून आणलेला. त्याला पाच जणांचा तंबू म्हणत. पाच जण झोपतात म्हणून नव्हे, उभा करायला पाच लागतात म्हणून. चार कोपऱ्यांना चार दोर, आणि मधला खांब धरून आत एक माणूस. आतलं माणूस म्हणजे बाबा. ते आयुष्यभर बांधकामावर क्रेनला इशारे देत आले होते. खाली उभं राहून दोन हातांनी सांगायचं, वर घे, डावीकडे, थांब, सोड. तंबूच्या आतून हात दिसत नाहीत म्हणून इथे तेवढा आवाज वापरत. कामावर नावाने हाक मारायची नाही हा त्यांचा नियम होता, गोंधळ होतो म्हणे. म्हणून ज्याच्या कोपऱ्याशी जे असेल तेच त्याचं नाव: लंबू म्हणजे तळं, भावजय म्हणजे झाड, आई म्हणजे टेबल आणि थोरली म्हणजे रस्ता. "तळं, ओढ. झाड, सैल. टेबल, झोपलीस का?" असं आतून ऐकू यायचं, आणि पाच मिनिटांत तंबू ताठ.

कापड अंथरलं. खुंट्यांची पिशवी भावजयीने सूड घेतल्यासारखी जमिनीवर आपटली. मग चौघं आपापल्या कोपऱ्याकडे गेली. प्रत्येकाने दोर हाताला गुंडाळला, टाच मातीत रोवली, थोडं मागे रेलून ताण घेतला आणि चौघं उभी राहिली.

उभी राहिली आणि वाट पाहू लागली.

कापड जमिनीवर पसरलेलं होतं. मधूनच त्याखाली वारा शिरून एक फुगा यायचा आणि बसायचा. चौघांची नजर त्या फुग्यावर. कुणालाही घाई नव्हती. थोरलीला नंतर सांगता आलं नसतं की ते किती वेळ तसे उभे होते. शेवटी टोपीवाला खुर्चीतून उठून आला.

"माफ करा हं," तो म्हणाला. "मला यातलं कळत नाही. पण तुमच्या तंबूला आत कुणी लागत नाही का?"

चौघांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कापडाकडे.

"लागतं," आई म्हणाली.

"मी जाऊ का आत? रिकामाच बसलोय."

"नको, दादा. घरचं माणूस लागतं."

टोपीवाला परत जाऊन बसला. खुर्ची मात्र त्याने जरा या बाजूला वळवून घेतली.

"तू जा," भावजय नवऱ्याला म्हणाली. "एवढी उंची देवाने काय फक्त पंखे पुसायला दिली?"

"माझा कोपरा वाऱ्याचा आहे. सोडला तर कापड तळ्यात जाईल."

"वारा? पान हलत नाही."

"आणि खांदा दुखतोय."

"गेल्या वर्षी दोन्ही वल्ही ओढत या तळ्यातून एकट्याने होडी आणलीस, तेव्हा नव्हता दुखला." भावजय म्हणाली खरी, आणि तिने जीभ चावली.

लंबू दोराची गाठ तपासू लागला. आई तळ्याकडे पाहू लागली. थोरलीच्या कानात ते वाक्य अडकून राहिलं. वल्ही बाबा कुणाच्या हातात देत नसत. लंबूने तिशी ओलांडली तरी त्याला ते होडीत वजन म्हणून बसवत.

"मीच जाते," आई म्हणाली.

"आई, तो खांब तुमच्यापेक्षा जड आहे," भावजय म्हणाली. "तुम्ही त्याला धराल की तो तुम्हाला?"

"ताई, तू जा," लंबू म्हणाला. तो अजून गाठीकडेच पाहत होता. "तुला त्यांचं बोलणं पाठ आहे."

थोरली नाही म्हणू शकली असती. पण नाही म्हणायला काहीतरी वाटावं लागतं. तिने आपला दोर गाडीच्या मागच्या कडीला बांधला, चपला काढल्या आणि गुडघ्यांवर बसून कापडाखाली शिरली.

आत उकडत होतं. कापडातून गढूळ पाण्यासारखा उजेड येत होता आणि वर्षभर घडी घालून ठेवलेल्या कापडाचा कोंदट वास. ती खांबापर्यंत रांगत गेली. तो उचलून तिने त्याचं टोक वरच्या कडीत बसवलं, बूड पायाने अडवलं आणि ढकलत ढकलत उभा केला. खांब जड होता. सोडला तर आडवा होणार आणि धरला तर हलता येणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बाबा हे एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कपाळ पुसायचे.

बाहेर कुणी दिसत नव्हतं. तीन बाजूंना तीन माणसं होती आणि चौथ्या बाजूला गाडी.

"ताई?" लंबूचा आवाज आला. "बोल ना."

"काय बोलू?"

"बाबा म्हणायचे ते."

तिने तोंड उघडलं. मग आलं ते तिचं तिलाच परकं वाटलं. "तळं. ओढ."

दोर ताणला गेला. कापड एका बाजूने वर चढलं.

"झाड. सैल. अजून. बस."

"अगदी तसंच म्हणतात या," भावजय कुणाला तरी म्हणाली.

"टेबल. ओढ."

काही झालं नाही. खांब आईच्या विरुद्ध दिशेला झुकला. थोरलीने खांदा लावला.

"टेबल, ओढ ना."

दोर सैलच. तिच्या डोक्यावर कापडाचा झोळ पडला होता.

"आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय," आई म्हणाली. आवाज अगदी जवळून, कापडाच्या पलीकडून आला. ती कोपरा सोडून पुढे आली असावी. "तू खांब सोडू नकोस. मला तोंडावर बोलता यायचं नाही. आत आहेस तेच बरं."

"आई, आधी हे उभं करू या," लंबू म्हणाला. "मग बोल."

"मग चहा होईल. मग तू होडी आणायला जाशील, ही भांडी घासायला बसेल. गेलं वर्षभर तेच चाललंय." आई थांबली. बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं, तशा सपाट आवाजात ती पुढे बोलू लागली. "गेल्या वर्षी हे आत उभे होते आणि मधेच आवाज यायचा बंद झाला. तुम्ही म्हणालात, बाबा गंमत करतात. मी वाकून आत पाहिलं. खांबाला कपाळ टेकून उभे होते. छातीत कुणी दगड ठेवल्यासारखं होतंय म्हणाले. मी म्हटलं, फाटकापाशी त्या बाईला सांगू या का, ती दवाखान्याची गाडी बोलावेल. ते म्हणाले, पोरं वर्षातून एकदा जमतात. आणि मलाही तेच हवं होतं, म्हणून मी ऐकलं."

लंबूचा दोर ताठ होता, भावजयीचा सैल. थोरली दोन्ही हातांनी खांब धरून उभी होती.

"आई, डॉक्टर म्हणाले होते, कळलं असतं तरी..." भावजयीने सुरुवात केली.

"डॉक्टर तसं म्हणाले, कारण आपण त्यांना काही सांगितलंच नाही," आई म्हणाली. "ह्यांना दुखतंय हे मला माहीत होतं. तुलाही होतं, लंबूलाही होतं, वल्ही त्याच्या हातात उगीच नाही आली, आणि आत उभी आहे तिलाही, तिने दिलेल्या गोळीचं ह्यांनीच मला सांगितलं. आपल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सुट्टी संपेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही."